घरातील सॉकेटचे वायरिंग : सभासदांनी घ्यावयाची काळजी



आमच्या खात्याचे काम लागण, खोडवा आणि बेण्याचे. तरी या वेळी विजेविषयी लिहितो, त्याला कारण आहे. प्लॉट पाहणीला गेलो असता पवन मावळातील एका सभासदाच्या घरी चहाला थांबलो. "साहेब, फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून चप्पल घालूनच उघडते," असे घरच्या वहिनींनी सहज सांगितले. ही सहज सांगण्याची गोष्ट नव्हे. वायरमनने सॉकेट उघडले तर अर्थची वायर जोडलेलीच नव्हती!

आपल्याच वळवण, लोणावळा, शिरोत्याचे पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली वीज काढली, ती मुंबईच्या गिरण्यांना गेली. आज वीज घरोघर आहे, पण तिची जाण तेवढी नाही. त्यात लोणावळ्याकडे पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर. भिंती ओल धरतात, सॉकेटमधले स्क्रू गंजतात.

सॉकेट समोरून पाहिले तर वरचे मोठे भोक अर्थचे, उजवे फेजचे, डावे न्यूट्रलचे. नेहमीचे दोष असे :

१) अर्थ नसणे. यंत्रात वीज उतरली तर ती जमिनीत न जाता माणसातून जाते.

२) अर्थच्या जागी न्यूट्रलचा तुकडा जोडणे. न्यूट्रल तुटली की फ्रीजचा, इस्त्रीचा सगळा पत्रा जिवंत होतो. हा सर्वांत घातक प्रकार.

३) फेज-न्यूट्रल उलट होणे. बटण न्यूट्रलवर पडते. बंद केले तरी आत फेज राहतेच.

४) स्क्रू ढिला असणे. सॉकेट तापते, काळे पडते, वास येतो. ते वापरणे तिथेच थांबवावे.

टेस्टर पेटला म्हणजे सॉकेट ठीक, असे समजू नका. टेस्टर फेज दाखवतो, अर्थ आहे की नाही ते सांगत नाही. ते वायरमनकडून टेस्ट लॅम्प किंवा मीटरने पाहून घ्यावे. मेन स्विच बंद केल्याशिवाय सॉकेटला हात लावू नये. दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करावी. हीटर, गिझर १६ अँपियरच्या सॉकेटवरच लावावा.

एम.सी.बी. वायरिंग वाचवते, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलिअँपियरची आर.सी.सी.बी. बसवावी व तिचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे.

कोणाला शॉक बसलाच तर आधी मेन बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने माणूस सोडवावा, उघड्या हाताने धरू नये.

उसाला पाणी चुकले तर पुढच्या पाळीत भरून काढता येते. इथे दुसरी पाळी नाही. तरी पावसाळ्यापूर्वी घरातील सर्व सॉकेट तपासून घ्यावीत, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी