नायडूंच्या काळातली टोपी विकत घेताना

सी. के. नायडू यांचा जन्म १८९५चा, नागपूरचा. तेव्हा बालाघाट जिल्हाही मध्य प्रांताच्या नागपूर विभागातच होता. म्हणजे त्या जिल्ह्यातलं चंदन नदीकाठचं रामपायली आणि नायडूंचं नागपूर एकाच कारभाराखालचं. पुढे २५ जून १९३२ रोजी भारत लॉर्ड्सवर आपला पहिला कसोटी सामना खेळायला उतरला, तेव्हा कर्णधार नायडूच होते. आपल्या मुलखातल्या या खेळाडूच्या काळातली टोपी किंवा फ्लॅनेलचा सदरा आपल्याकडे असावा, असं चंदन नदीकाठच्या क्रिकेटवेड्या पोराला वाटलं तर ते अगदी रास्त आहे.

खेळाडूंनी वापरलेल्या मूळ वस्तूंच्या वाटेला मात्र जाता येत नाही. शेन वॉर्नची हिरवी टोपी जानेवारी २०२० मध्ये लिलावात दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. आपल्या हाती राहते ती प्रतिकृती. ती नीट पारखून घेतली तर आयुष्यभर सोबत करते. न पारखता घेतली तर एका पावसाळ्यात तिचा रंग जातो.

पारख सुरू होते ती सालापासून. ‘जुनी भारतीय टोपी’ असं मोघम मागू नका. कोणत्या वर्षाची, कोणत्या संघाची, हे आधी ठरवा. साल पक्कं झालं की निम्मा खोटा माल आपोआप बाजूला पडतो. १९३२ची म्हणून दाखवलेल्या टोपीवर तिरंगा किंवा सिंहमुद्रा दिसली, तर पुढे बोलायचंही कारण नाही. तिरंगा राष्ट्रध्वज म्हणून २२ जुलै १९४७ला स्वीकारला गेला आणि सिंहमुद्रा २६ जानेवारी १९५०ला. कसोटीपटूचा क्रमांक टोपीवर भरण्याची पद्धतही अलीकडची आहे. १९८३च्या विश्वचषकाचा निळा टी-शर्ट सर्रास विकला जातो, पण तो विश्वचषक सगळे संघ पांढऱ्या कपड्यांत खेळले होते. १९९२च्या गडद निळ्या शर्टाची नक्कलही खपते. त्या वर्षी रंगीत कपडे विश्वचषकात पहिल्यांदा आले. खांद्यांवर रंगीत पट्टे होते आणि पाठीवर खेळाडूचं नाव होतं. क्रमांक नव्हता. विश्वचषकात पाठीवर क्रमांक आले ते १९९९ला. तेव्हा तेंडुलकरच्या नावाखाली दहाचा आकडा असलेला ‘१९९२चा’ शर्ट कुणी पुढे केला, तर त्याने जुना फोटोसुद्धा पाहिलेला नाही, हे उघड आहे.

सालानंतर कापड, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. जुन्या क्रिकेटच्या कपड्यांचं फ्लॅनेल लोकरीचं असे. आज त्याच नावाखाली सुती किंवा पॉलिएस्टरचं कापड मिळतं. वरून हात फिरवून फरक कळेलच असं नाही. शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाचा एकच धागा सुईने काढा, चिमट्यात धरा आणि मेणबत्तीच्या ज्योतीला लावा. लोकर नीट पेटत नाही, ज्योत दूर नेली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि काळी राख बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर आकसतं, वितळतं आणि गार झाल्यावर धाग्याच्या टोकाशी कडक मणी उरतो. सूत कागदासारखं भुरकन जळतं आणि त्याची करडी राख फुंकरीने उडते. मिश्र कापडात या खुणा एकत्र दिसतात. विक्रेता धागा काढू देत नसेल, तर कापडात लोकर किती टक्के ते बिलावर लिहून मागा. प्रामाणिक विक्रेत्याला ते लिहून द्यायला अडचण नसते.

अशा लोकरी प्रतिकृती शिवण्याचं काम मनापासून करणारे अमेरिकेत आहेत. तिथल्या बेसबॉल संघांनी १९७०पासून लोकरी फ्लॅनेल सोडून पॉलिएस्टर धरलं आणि जुन्या विणीचं कापडच दुर्मीळ झालं. फिलाडेल्फियाच्या ‘मिचेल अँड नेस’ने १९८०च्या दशकात जुन्या पद्धतीच्या लोकरी जर्सी पुन्हा शिवायला घेतल्या. १९८८ मध्ये सिअ‍ॅटलला सुरू झालेल्या ‘एबेट्स फील्ड फ्लॅनेल्स’ने तर सगळा धंदाच त्यावर उभा केला. इंग्लंडमध्ये ‘टॉफ्स’ ही कंपनी जुने फुटबॉल शर्ट सुती कापडात बनवते. यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट अशी, की ते आधी वर्ष सांगतात, मग कापड सांगतात आणि मालाला प्रतिकृती म्हणूनच विकतात. परदेशातून मागवलंत तर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा.

टोपी हातात आली की उलटी करून पाहा. संगणकी भरतकाम असेल तर बिल्ल्याच्या मागे बहुधा पांढरा, कागदासारखा थर चिकटवलेला दिसतो आणि टाके एकसारखे चकाकतात. हाताच्या कामात मागच्या बाजूला धाग्यांच्या उड्या आणि गाठी असतात. मागे वेलक्रो किंवा प्लॅस्टिकची पट्टी असेल तर ती टोपी आजच्या घाटाची. जुन्या टोप्या डोक्याच्या मापाने शिवत. म्हणून मागवण्याआधी कपाळावरून, कानांच्या किंचित वरून टेप फिरवून आपलं माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा.

रंगाबाबत फार सावध राहावं लागतं. जुने फोटो कृष्णधवल आहेत, आणि १९२०च्या दशकापर्यंत सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल पट्टा फोटोत काळा उमटे आणि निळा पट्टा फिकट पडे. नुसता फोटो पाहून ‘टोपी काळी होती’ असं ठोकून देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. रंग ठरवायचा तर त्या काळचं लेखी वर्णन हवं, नाहीतर जपलेली वस्तू. पुण्यात सहकारनगरमध्ये ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय आहे. खेळाडूंनी प्रत्यक्ष वापरलेलं साहित्य तिथे जवळून पाहता येतं. पुण्याला गेलात तर जरूर जा.

विकत मिळत नसेल तर शिवून घ्या. रणजी स्पर्धेच्या सुरुवातीच्या काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा संघ खेळत असे. त्या संघाची टोपी मी कुठे विक्रीला पाहिलेली नाही. फोटो मोठा करून टोपीच्या कळ्या मोजा, वरचं बटण पाहा, पुढची सावली धरणारी पट्टी किती आखूड आहे ते पाहा. टेलरला सांगून आधी मांजरपाटाची नमुना टोपी शिवून घ्या. ती डोक्यावर नीट बसली, की मगच ब्लेझरच्या लोकरी कापडाला कात्री लावू द्या. पुढच्या पट्टीत बकरम, आत सुती अस्तर. सदऱ्यासाठी बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनीच्या हातमागाकडे चौकशी करायला हरकत नाही. तिथल्या साडीला भौगोलिक मानांकन आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात सुती कापडच अंगावर सुसह्य होतं. फक्त त्याला फ्लॅनेल म्हणू नका. क्रिकेट मंडळाचं अधिकृत बोधचिन्ह लावून अशा वस्तू विकायच्या असतील तर परवानगी लागते. गावच्या संघाने आपला बिल्ला आपणच काढावा.

लोकरी वस्तू गार पाण्यात रिठ्याने धुवा, पिळू नका, सावलीत आडवी वाळवा, ठेवताना डांबराच्या गोळ्या टाका.

आणि एक विनंती. बालाघाट, गोंदिया, भंडाऱ्याकडच्या कुणाच्या घरात आजोबांच्या ट्रंकेत जुनी संघाची टोपी, ब्लेझर किंवा नुसता फाटका बिल्ला असेल, तर तो धुऊ नका, टाकू नका. आतून-बाहेरून, मोजपट्टी शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात त्याचे रंगीत फोटो काढून ठेवा. आपल्या भागातल्या संघांची खरी प्रतिकृती उद्या कुणी करायला घेतली, तर त्याला रंग आणि मापं तिथूनच मिळतील.