एआय एजंटला वेबसाइटचा मेन्यू बदलायला देताय? आधी त्याला टूल नीट समजावून सांगा

मोबाइलवर वेबसाइट उघडली की कोपऱ्यात तीन आडव्या रेघा दिसतात ना? त्यावर टॅप केल्यावर उघडणारी यादी म्हणजे मेन्यू. बोरिवलीतल्या एका क्लासची वर्डप्रेसवरची वेबसाइट मी सांभाळतो. अंधेरी, मुलुंड आणि घाटकोपरलाही शाखा आहेत, त्यामुळे मेन्यू सारखा बदलावा लागतो. हे काम आता एआय एजंटला सांगता येतं. "घाटकोपर शाखा मुलुंडच्या वर घे" एवढं मराठीत टाइप केलं की झालं.

पण दहावीच्या निकालानंतर, ऐन प्रवेशाच्या दिवसांत 'प्रवेश' हीच लिंक मेन्यूतून उडाली तर? पालक शोधत बसत नाहीत, सरळ दुसरा क्लास बघतात. म्हणूनच टूलची माहिती एजंटसाठी कशी लिहायची, ते समजून घेऊ.

टूल म्हणजे काय?

चॅटबॉट उत्तर देतो, एजंट प्रत्यक्ष काम करतो. त्यासाठी त्याला टूल लागतं. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या एमसीपी, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक टूलला नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा दिला जातो. वर्डप्रेसच्या ६.९ आवृत्तीत (डिसेंबर २०२५) आलेल्या ॲबिलिटीज एपीआयमध्येही कामं अशीच वर्णनासकट नोंदवता येतात.

आपण स्क्रीन बघून अंदाज बांधतो. एजंट मुख्यतः हे वर्णन वाचून ठरवतो. जे लिहिलं नाही, ते तो स्वतःच गृहीत धरतो. (नव्या ब्लॉक थीममध्ये मेन्यू वेगळ्या प्रकारे साठवला जातो. मी इथे क्लासिक मेन्यूबद्दल बोलतोय.)

१. आयडी दोन असतात

समजा, 'शाखा' या पानाचा आयडी ४२ आहे. ते पान मेन्यूत टाकलं की त्या मेन्यू आयटमला वेगळा आयडी मिळतो, समजा ११८. आता 'मुलुंड' ही लिंक 'शाखा'च्या खाली दाखवायची असेल, तर पेरेंट म्हणून ११८ द्यायचा, ४२ नाही. एजंट इथे हमखास गोंधळू शकतो. म्हणून वर्णनात नुसतं 'आयडी' लिहू नका. 'मेन्यू आयटमचा आयडी' आणि 'पानाचा आयडी' असं स्पष्ट लिहा.

२. डिलीट केलं की परत येत नाही

पान डिलीट केलं तर ते आधी ट्रॅशमध्ये जातं. मेन्यू आयटमला ट्रॅशच नाही! वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयमधून आयटम काढायला गेलात तर एरर येतो: ट्रॅशची सोय नाही, काढायचंच असेल तर 'फोर्स' हा पर्याय 'ट्रू' करा. माणूस हे वाचून थबकेल. एजंट मात्र तीच पुढची सूचना समजून आयटम उडवू शकतो.

उपाय सोपा आहे. डिलीटचं टूल वेगळं ठेवा आणि वर्णनात लिहा: "आधी पूर्ण मेन्यू वाचून त्याची प्रत ठेव. काय काढणार ते माणसाला दाखव. होकार आल्यावरच काढ." आयटम काढल्याने मूळ पान डिलीट होत नाही, हेही लिहा. नाहीतर एजंट भलताच निष्कर्ष काढेल.

३. मराठी लिंक हाताने टाइप नको

मराठी पानाची लिंक कॉपी केली की टक्केचिन्हांची लांबलचक माळ येते, हे तुम्ही व्हॉट्सॲपवर पाहिलं असेल. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि लिंकमध्ये त्याची नऊ अक्षरं होतात. काना-मात्राही वेगळे मोजायचे, म्हणजे 'घाटकोपर' या एका शब्दाची ६३! त्यातलं एक चुकलं तरी पान उघडणार नाही. म्हणून टूलला लिंक नाही, पानाचा आयडी द्यायला सांगा. शिवाय "मेन्यूतली मराठी नावं भाषांतरित करू नकोस" हेही लिहा, नाहीतर 'दहावी'चं इंग्रजी व्हायला वेळ लागणार नाही.

४. किल्ली आपल्याकडेच

वर्डप्रेसमध्ये मेन्यू बदलायचा अधिकार मुळात ॲडमिनिस्ट्रेटरलाच असतो. तोच पासवर्ड एजंटला दिला तर अख्खी वेबसाइट त्याच्या हातात जाते. त्यामुळे पासवर्ड टूलच्या आत, सर्व्हरवर ठेवा आणि टूलला मेन्यूपुरतीच कामं करू द्या. "माहिती नीट लिहिली, आता काळजी नाही" असं समजू नका. वर्णन म्हणजे सूचना, कुलूप नव्हे. जे अजिबात व्हायला नको, ते टूलच्या कोडमध्येच बंद करा.

तपासायचं कसं?

वेबसाइटची चाचणी प्रत बनवा आणि एजंटला मुद्दाम मोघम काम सांगा: "मेन्यू जरा नीट कर." तो आधी मेन्यू वाचतो का, काय बदलणार ते सांगतो का, काढण्याआधी विचारतो का, ते बघा. जिथे अडखळेल, तिथलं वर्णन सुधारा. मग मोबाइलवर त्या तीन रेघा उघडून 'प्रवेश'पर्यंत स्वतः टॅप करून पाहा. पालक याच वाटेने येणार आहेत.