कॅमरी की अकॉर्ड? (लेखांक 7)

अमेरिकेत मध्यम आकाराची हायब्रिड सेदान घ्यायची म्हटली की टोयोटा कॅमरी आणि होंडा अकॉर्ड ही दोन नावे हमखास पुढे येतात. तिथल्या मराठी कुटुंबांतही या दोन्ही गाड्या ओळखीच्या आहेत. 2025 च्या मॉडेलपासून कॅमरी फक्त हायब्रिडच मिळते. नुसत्या पेट्रोलवर चालणारी आवृत्ती कंपनीने बंद केली. अकॉर्डच्या खालच्या दोन आवृत्त्या मात्र साध्या पेट्रोल इंजिनाच्या आहेत आणि हायब्रिड तिसऱ्या पायरीपासून सुरू होते. तुलनेतला बराचसा घोळ या एका फरकातून होतो, म्हणून तो आधीच ध्यानात ठेवलेला बरा.

दोन्ही गाड्या घरी प्लग लावून चार्ज करायच्या नाहीत. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा आणि इंजिनाने तयार केलेली वीज यांवरच त्यांची छोटी बॅटरी भरते. इथपर्यंत साम्य आहे. चाकापर्यंत शक्ती पोचवण्याची रीत मात्र अगदी वेगळी आहे.

कॅमरीचे 2.5 लिटरचे इंजिन आणि दोन विद्युत मोटारी एका ग्रहीय गिअरसंचाने कायमच्या जोडलेल्या असतात. इंजिन चालू असताना त्याच्या शक्तीचा काही भाग थेट चाकांकडे जातो आणि उरलेल्या भागाची एक मोटार वीज बनवते. ही वाटणी वेगानुसार सतत बदलत राहते. 1997 साली जपानमध्ये आलेल्या प्रियसपासून टोयोटाने हीच मूळ रचना सुधारत आणली आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कॅमरीची एकत्रित शक्ती 225 अश्वशक्ती आहे.

अकॉर्डमध्ये शहरातल्या वेगाला इंजिनाचा चाकांशी यांत्रिक संबंधच नसतो. 2 लिटरचे इंजिन जनित्र फिरवते, त्याची वीज 181 अश्वशक्तीच्या मोटारीला मिळते आणि गाडी त्या मोटारीवर धावते. महामार्गावर स्थिर वेग आला की एक क्लच इंजिनाला थेट चाकांशी जोडतो, कारण तिथे वीज बनवून पुन्हा तिचीच गती करण्यात नुकसान होते. एकत्रित शक्ती 204 अश्वशक्ती, म्हणजे कॅमरीपेक्षा कमी. तरीही सिग्नलवरून निघताना अकॉर्ड जास्त चपळ आणि सलग वाटते, कारण त्या क्षणी मोठी मोटारच काम करत असते. कागदावरच्या अश्वशक्तीवरून पिकअपचा अंदाज बांधणाऱ्यांची इथे फसगत होते.

आता मायलेज. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या 2025 च्या आकड्यांनुसार कॅमरीची सर्वांत स्वस्त एलई आवृत्ती सरासरी 51 मैल प्रतिगॅलन देते, म्हणजे लिटरला सुमारे 21.7 किलोमीटर. अकॉर्डची सर्वांत काटकसरी हायब्रिड आवृत्ती, ईएक्स-एल, 48 देते. जाहिरातींत आणि गप्पांत हेच दोन आकडे समोरासमोर ठेवले जातात आणि कॅमरी जिंकली असे ठरते. ही तुलना न्याय्य नाही. एलईची सुरुवातीची किंमत 28,400 डॉलर होती, तर अकॉर्डची पहिली हायब्रिड आवृत्ती तिच्यापेक्षा सुमारे पाच हजार डॉलरने महाग होती. त्या जादा पैशात सामानसुमान आणि सोयीही जास्त मिळतात. ईएक्स-एलच्या बरोबरीची कॅमरी म्हणजे एक्सएलई, आणि तिचे मायलेज 51 नसून 47 आहे.

म्हणजे सारख्या किमतीला 48 विरुद्ध 47. वर्षाला 12,000 मैल धावणाऱ्या गाडीला एकीला 250 गॅलन पेट्रोल लागेल, दुसरीला 255. वर्षाचा फरक पाच गॅलनचा, जेमतेम 19 लिटर. उलट एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांतला फरक पाहावा : कॅमरी एलईकडून एक्सएसईकडे गेल्यास वर्षाला 20 गॅलन जास्त जळतात; अकॉर्ड ईएक्स-एलऐवजी स्पोर्ट घेतल्यास सुमारे 23. या वाढीत मोठ्या चाकांचा वाटा मोठा असतो. एलईला 16 इंची चाके आहेत, एक्सएसईला 19 इंची. रुंद टायर रस्त्याला जास्त घासतो, जड चाक फिरवायला जास्त जोर लागतो, आणि पुढे टायर बदलायची वेळ येते तेव्हा खर्चही जास्त येतो. ज्याला इंधन वाचवायचे आहे त्याने आधी चाकाचा आकार बघावा, बोधचिन्ह नंतर.

सरासरीच्या आतही एक गोष्ट दडलेली असते. ईएक्स-एल शहरात 51 आणि महामार्गावर 44 देते. एक्सएलई शहरात 48 आणि महामार्गावर 47. रोजचा प्रवास सिग्नल आणि कोंडीतून असेल तर अकॉर्ड पुढे, रोज लांबवर महामार्ग असेल तर कॅमरी पुढे. स्वतःच्या रोजच्या रस्त्याचा हिशेब न करता सरासरीवर विसंबण्यात अर्थ नाही.

जागेच्या बाबतीत अकॉर्ड सरस आहे. मागच्या सीटवर पाय ठेवायला तिच्यात 40.8 इंच मिळतात, कॅमरीत 38. डिकी 16.7 घनफूट, कॅमरीची 15.1. भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा विमानतळावर हा फरक चांगलाच जाणवतो. दोन्ही गाड्यांत बॅटरी मागच्या सीटखाली असल्यामुळे डिकीची जागा ती खात नाही. मात्र तिला थंड ठेवणाऱ्या हवेची जाळी सीटजवळच असते; तिच्यापुढे पिशव्या रचू नयेत आणि तिच्यात धूळ साठू देऊ नये.

बर्फाच्या प्रदेशात कॅमरीच्या बाजूचा एक मुद्दा निर्णायक ठरतो. तिच्यात चारही चाकांना शक्ती देण्याचा पर्याय आहे. मागच्या आसावर वेगळी मोटार बसवलेली असते. अकॉर्डमध्ये ही सोय नाही. डेट्रॉइट किंवा मिनियापोलिसला राहणाऱ्याने याचा विचार करावा, ह्यूस्टनला राहणाऱ्याला त्याची गरज नाही. बॅटरीच्या हमीतही टोयोटा उदार आहे : 10 वर्षे किंवा दीड लाख मैल, होंडाची हमी 8 वर्षे किंवा एक लाख मैलांची आहे. गाडी दहा वर्षे वापरून मगच विकण्याचा ज्यांचा रिवाज आहे त्यांच्या दृष्टीने हा फरक छोटा नाही.

टेस्ट ड्राइव्ह घेताना शोरूमभोवती एक फेरी मारून परत येऊ नये. गाडी एकदा महामार्गाच्या चढत्या रॅम्पवर न्यावी आणि पाय पूर्ण दाबून इंजिनाचा आवाज ऐकावा. मग रहदारीत हळूहळू थांबत ब्रेकचा अंदाज घ्यावा. अकॉर्डमध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी विद्युत ब्रेकचा जोर कमीजास्त करता येतो, तेही करून पाहावे. घरातली ज्येष्ठ मंडळी मागे बसणार असतील तर त्यांनाही सोबत न्यावे आणि चढता-उतरताना त्यांना त्रास होतो का ते बघावे.

कमी पैशात हायब्रिड हवी असेल, बर्फ असेल किंवा महामार्गच जास्त असेल, तर कॅमरी घ्यावी, आणि तीही शक्यतो एलई. शहरातली धावपळ, भरलेली मागची सीट आणि भरपूर सामान असेल तर अकॉर्ड ईएक्स-एल घ्यावी.