दशमी, चहा आणि काला : धर्म आपल्या ताटात कसा उतरतो

गुरुकुंज मोझरीत बसून अन्नाविषयी बोलायचं, तर सुरुवात गोपाळकाल्यापासूनच करायला हवी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 च्या ऑक्टोबरात गेले. तेव्हापासून दरवर्षी आश्विनात इथे पुण्यतिथी महोत्सव भरतो आणि त्याची सांगता काल्यानं होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो काला द्रोणात घेऊन खाल्ला असेल. त्या द्रोणात नेमकं काय असतं, हे आज जरा सावकाश बघू या.

पण त्याआधी एका भाकरीची गोष्ट. दशमी आपल्याला ठाऊक आहे. पीठ पाण्यात न भिजवता दुधात भिजवायचं आणि भाकरी थापायची. आज आपण म्हणतो, मऊ राहते, प्रवासात टिकते. ते खरंच आहे. पण जुन्या सोवळ्याच्या घरांत दशमीचं महत्त्व दुसऱ्याच कारणानं होतं. पाण्यात शिजलेलं अन्न लगेच विटाळतं, दुधातुपातलं तसं विटाळत नाही, अशी समजूत होती. म्हणजे वाटेत कुणाच्या हातचं खाण्याची पाळी येऊ नये, म्हणून दशमी. लाह्या-फुटाण्यांचंही तसंच. कोरडे, वाळूत भाजलेले, म्हणून भडभुंज्याकडून घ्यायला हरकत नसे; त्याच्या घरचा भात मात्र चालत नसे. एकाच माणसाचे हात, पण एक पदार्थ चालतो आणि एक चालत नाही. नियम पदार्थाचा दिसतो, असतो मात्र माणसांचा.

जगभर असे नियम आहेत. ज्यू धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. आपल्या कोकणातले बेने इस्रायली मराठी बोलणारे ज्यू. त्यांनी काय केलं? मांसाच्या कालवणात नारळाचं दूध घातलं! नियम पाळला आणि चवही कोकणाचीच राहिली. त्यांचा नवस-प्रसाद म्हणजे मलिदा. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं. नाव एलियाहू पैगंबराचं, आणि ताट बघाल तर आपल्याच शेजारच्या घरातलं वाटेल. मुसलमानांचं हलाल, जैनांचं कंदमुळं टाळणं आणि सूर्यास्ताआधी जेवणं, ख्रिस्ती लोकांचा उपासकाळ, प्रत्येकामागे एक श्रद्धा आहे. आणि आपला उपवास? साबुदाण्याची उसळ, बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, बटाटा, भुईमूग, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी आल्यानंतरच ते इकडे पोचले. ज्वारी-गहू उपवासाला चालत नाहीत, कारण ते रोजचं धान्य. परदेशातून आलेलं मात्र चाललं, कारण मनाई लिहिणाऱ्यांना ते माहीतच नव्हतं! (हे ऐकून आमच्याकडच्या एका आजी म्हणाल्या, "मंग आमी इतके वर्सं कोणाचा उपास केला?" त्याचं उत्तर आमच्याजवळ नाही.)

असे नियम आपापल्या घरात पाळले जातात तोवर कुणाला त्रास नाही. पण ‘मी काय खाणार नाही’ यावरून ‘मी कोणाबरोबर बसणार नाही’ इथपर्यंत गाडी फार लवकर पोचते. 1890 सालची पुण्याची गोष्ट बघा. पंचहौद मिशनमध्ये काही नामवंत मंडळी व्याख्यानाला गेली. त्यात टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. पुढे चहा आला. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी प्रायश्चित्त घेतलं, आणि 1892 मध्ये रानड्यांनीही घेतलं. न्यायाधीश, समाजसुधारणेचा पुढारी, आणि एका कप चहापुढे त्याला वाकावं लागलं. रानड्यांना तेव्हा आणि नंतरही पुष्कळांनी बोल लावला. आम्हाला मात्र वाटतं, पंगतीतून उठवलं जाण्याची भीती काय असते, हे यावरून कळतं. रानड्यांसारख्याची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल?

आता काल्याकडे येऊ. काला म्हणजे मिसळ, कालवलेलं. कथा सगळ्यांना माहीत आहे. गाई राखायला गेलेला कृष्ण सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करतो आणि सगळे मिळून खातात, एकमेकांचं उष्टंसुद्धा. ‘उष्टं’ हा शब्द इथे मोलाचा आहे. सोवळ्याच्या शास्त्रात उष्ट्याइतकं वाईट काही नाही, आणि इथे तेच देवाच्या तोंडी आहे. लाह्या, पोहे, दही, लोणचं, काकडी. कोरडं होतं तोवर ‘चालणारं’ होतं; दही पडलं की सगळं एक झालं. पंगतीत शेजारी बसूनही प्रत्येकाचं पान वेगळं राहतं. शिखांच्या लंगरात सगळे एकाच रांगेत बसतात, ही फार मोठी गोष्ट, तरी थाळी ज्याची त्याची. काल्यात मात्र कोणाची लाही आणि कोणाचं दही, हे निवडताच येत नाही.

पण इथे एक अडचण आहे आणि ती लपवायला नको. वारकऱ्यांनी शतकानुशतकं काला केला. सप्ताह संपला की काल्याचं कीर्तन, आषाढीनंतर पौर्णिमेला गोपाळपूरचा काला. तरीही चोखोबा पंढरीच्या महाद्वाराबाहेरच राहिले. विठ्ठलाचं देऊळ दलितांना उघडलं ते 1947 च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या देवळासाठी 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढून सगळ्या जातींची पोरं एका छताखाली जेवायला बसवली. म्हणजे द्रोणातला काला वर्षातून एकदा खाणं सोपं होतं. रोजच्या चुलीपर्यंत तो नेणं अवघड होतं, आणि ते काम माणसांना करावं लागलं, कथेनं आपोआप झालं नाही.

वऱ्हाडात हे काम दोन वाटांनी झालं असं आम्हाला दिसतं. गाडगेबाबांनी आपल्या मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे मटण-दारू न करता गोड जेवण वाढलं. तेव्हा भाऊबंद रागावले. त्यांना वाटलं, हा रीत मोडतो. बाबांना दिसत होतं ते त्या रितीपायी होणारं कर्ज. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये इथे आश्रम उभा केला आणि सामुदायिक प्रार्थनेची वाट धरली. गुरुदेव सेवा मंडळाच्या गावांत प्रार्थनेला जो बसतो, तोच पुढे काल्यालाही बसतो.

आणखी एक प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. काला शाकाहारी आहे. ज्यांच्या घरी सणाला बोकड शिजतो किंवा मासळी असते, त्यांनी आपली शिदोरी घरी ठेवून यायची का? 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हटलं, ते स्वाभिमानासाठी. तो निर्णय त्या समाजानं स्वतः घेतला. दुसऱ्यानं नाक मुरडून एखाद्याचं अन्न हलकं ठरवणं ही वेगळी गोष्ट आहे. सगळ्यांना चालेल तेवढंच एकत्र ठेवायचं, ही व्यवहाराची सोय आम्हाला पटते. पण त्यामुळे कोणाच्या घरचा डबा कमी दर्जाचा ठरत असेल, तर पुन्हा दशमीचाच हिशेब सुरू होतो. पुढच्या आश्विनात द्रोण हातात घ्याल तेव्हा शेजारी कोण बसलं आहे ते बघा. आणि गावी परतल्यावर त्याच्या घरी पाणी प्यायलात की नाही, हे आम्हाला सांगा.