मणक्यातला गॅप, अभ्यासक्रमातला गॅप

कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड भागात पाठीत उसण भरली की अजूनही कुणीतरी पायाळू माणसाचं नाव सुचवतं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, अशी जुनी समजूत. नाहीच उतरली तर हाडवैद्य, मग तालमीतला एखादा वस्ताद, आणि सगळ्यांत शेवटी बेळगाव. फिजिओथेरपीची पदवी घेऊन आलेल्या पोराने इथे गाळा घेतला, तर या रांगेत त्याचा नंबर कितवा, हे त्याला कुठल्याच परीक्षेत विचारलेलं नसतं.

मोबाइलवर मानेचा ‘कट्ट’ आवाज काढणाऱ्या चित्रफितींमुळे कायरोप्रॅक्टिक हा शब्द आता खेड्यातल्या पोरांच्याही तोंडी आहे. या विद्येचा उगम १८९५ सालचा, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टचा. डॅनियल डेव्हिड पामर हा तिथला चुंबक-उपचारक. हार्वे लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा. दोन वर्षांत पामरने शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याविना उपचार केले म्हणून तुरुंगही पाहिला. कायदेशीर परवाना देणारं पहिलं राज्य कॅन्सस, १९१३ साली. शेवटचं लुइझियाना, थेट १९७४ साली.

पामरचा सिद्धान्त मला पटत नाही. सगळ्या रोगांचं मूळ मणक्यात शोधणं म्हणजे एकाच किल्लीने गावातली सगळी कुलुपं उघडायला निघणं. पण त्या मंडळींची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. इस्पितळांनी दार बंद ठेवल्यामुळे त्यांचा विद्यार्थी पहिल्यापासून स्वतःच्या दवाखान्यासाठीच घडला. शेवटच्या टप्प्यात तो कॉलेजच्याच दवाखान्यात, शिक्षकाच्या नजरेखाली, खरे रुग्ण तपासतो. नोंदी ठेवणं, दर सांगणं, नकार देणं हे सगळं तिथेच शिकतो. याला वाईट बाजूही आहे. धंदा शिकवता शिकवता महिनोन्‌महिन्यांची पॅकेजं विकायलाही शिकवलं गेलं, अशी टीका या पेशावर होत आली आहे.

आपल्याकडे उलट झालं. महाराष्ट्रात कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र परिषद नाही. हाताने सांधे मोकळे करण्याचं काम मुख्यतः फिजिओथेरपिस्टकडे आलं, आणि ही विद्या इस्पितळातच वाढली. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी, म्हणजे लग्नानंतरच्या कमलाबाई निंबकर, यांनी १९५० साली मुंबईच्या केईएममध्ये ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. १९५३ मध्ये तिथेच फिजिओथेरपीची शाळा निघाली. तेव्हापासून विद्यार्थ्याची सवय एकच : वॉर्डातून डॉक्टरची चिठ्ठी येणार, आपण व्यायाम देणार. चंदगडच्या गाळ्यात चिठ्ठी येत नाही. माणूस थेट येतो, आणि काय झालंय तेही तोच सांगतो : “मणक्यात गॅप पडलाय.”

हा ‘गॅप’ कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. नवखा पदवीधर हसतो, नाहीतर चकती आणि नस यांवर व्याख्यान देतो. रुग्णाला त्यातलं काही नको असतं. त्याला एवढंच हवं असतं, की उद्या पोतं उचलता येईल का, आणि ऑपरेशन तर नाही ना? इथल्या मराठी बोलीत कोकणी-कानडीचं मिश्रण. कोल्हापूर शहरात वाढलेल्या मुलालाही पहिले काही दिवस कान द्यावा लागतो.

पारगडाच्या बाजूच्या वाडीतून एखादी मावशी येते. रोप लावणीत दिवसभर वाकून कंबर धरलेली. तिला सांगितलं जातं, रोज या, दहा दिवस ‘करंट’ घ्या. करंट म्हणजे यंत्राचा शेक. कुठलंही यंत्र असो, लोकांच्या लेखी तो करंटच. दहा दिवस म्हणजे दहा मजुऱ्या आणि वीस वेळा एसटी. ती तिसऱ्या दिवशी येत नाही, आणि पोरगा म्हणतो, लोकांना जाणीवच नाही. वर छापील कागदावर सूचना असते : खाली बसू नका, वाकू नका. ज्याने तो कागद लिहिला त्याच्या घरात खुर्ची होती. काजूच्या बिया वेचताना, चुलीपुढे, भाताच्या खाचरात न वाकणारी बाई कुठून आणायची? तिला वाकावं कसं, किती वेळाने पाठ सरळ करावी, मोळी कुठल्या बाजूने उचलावी, हे तीन खेपांत शिकवता आलं पाहिजे. एवढं येत असलेला मुलगा चंदगडात टिकेल.

पैशाचं गणितही हंगामाचं आहे. लावणीच्या दिवसांत पाठी सर्वांत जास्त दुखतात आणि दवाखाना सर्वांत रिकामा असतो. मळणी उरकली, उसाचं बिल हाती आलं, की रीघ लागते. गाळ्याचं भाडं आणि यंत्रांच्या कर्जाचा हप्ता मात्र दरमहा. म्हणून आधी एक चांगला पलंग घ्यावा, स्वतःचे हात वापरावेत, यंत्रं मागाहून आणावीत.

हाडवैद्याच्या अंगणात गर्दी का, हे विद्यार्थ्याने एकदा जाऊन बघावं. तो लगेच हात लावतो, छातीठोक बोलतो, बिदागी ऐपतीप्रमाणे घेतो. त्याला एकच गोष्ट येत नाही : कुठे हात लावायचा नाही ते. आवळून बांधलेल्या पट्टीने रक्त अडून हात काळा पडलेली मुलं अस्थितज्ज्ञांना नवी नाहीत. पदवीधराची खरी किंमत इथे आहे. रात्री वाढणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन : मणक्याचा क्षय असू शकतो, मान-पाठ मोडायची नाही. बैठकीच्या जागी बधिरता आणि लघवी अडलेली : त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात. चंदगडचं ग्रामीण रुग्णालय, गडहिंग्लजचं उपजिल्हा रुग्णालय, चाळीसेक किलोमीटरवरचं बेळगाव, शंभरावर किलोमीटरचं कोल्हापूर. कोण कशासाठी, हे पाटी लावण्याआधी ठरलेलं असावं.

आता त्या पाटीविषयी. राज्याचा ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेचा कायदा २००२ चा, केंद्राचा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा २०२१ चा. बेळगावात शिकलेल्या चंदगडच्या मुलालाही शिनोळीची हद्द ओलांडून गावी व्यवसाय करायचा तर नोंदणी महाराष्ट्राची लागते. नावाआधी ‘डॉ.’ लावू नका, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं. त्या एका अक्षरावर पोरं जेवढी भांडली, त्याच्या निम्मंही पाटीवरच्या शेवटच्या ओळीवर कुणी बोलत नाही. तिथे शहरातल्यासारखं ‘सकाळी १० ते १, सायंकाळी ५ ते ८’ लिहिलेलं असतं. वाडीवरच्या मावशीला अंधाराआधी परतीची एसटी गाठायची असते. बाजाराच्या दिवशी सकाळी आठला ती स्टँडवर उतरते, तेव्हा शटर खाली असतं.