पाषाणावरील काळे डाग

ब्रिटनमधील घरांच्या मागील अंगणात नैसर्गिक दगडाची फरसबंदी करण्याची पद्धत गेल्या काही दशकांत फार लोकप्रिय झाली आहे. या फरशीचा मोठा भाग भारतातून, विशेषतः राजस्थानच्या कोटा-बुंदी परिसरातील खाणींतून तेथे जातो. विंध्य श्रेणीच्या अतिप्राचीन थरांतील हा वालुकाश्म सपाट पदरांत फुटतो, म्हणून छिन्नी-हातोड्याने त्याच्या फरश्या सहज काढता येतात. त्यांपैकी एका करड्या फरशीला तिकडच्या व्यापारात ‘कांडला ग्रे’ असे नाव आहे. हे नाव खाणीचे नसून कच्छमधील बंदराचे आहे.

फरशी बसवल्यानंतर काही वर्षांनी तिच्यावर काळे, वाटोळे ठिपके दिसू लागतात. पाहणाऱ्याला ते डांबराचे थेंब वाटतात. साबण, ऊन पाणी, ताठ केसांचा ब्रश हे सर्व उपाय थकतात आणि मग दगडच सदोष असावा अशी घरमालकाची समजूत होते. वस्तुतः दोष दगडाचा नसतो. हे ठिपके म्हणजे मळ नसून एका सजीवाची वस्ती होय. आणि मळ धुऊन काढण्याचे नियम सजीवाला लागू पडत नाहीत.

शैवाकाचे स्वरूप

या सजीवाला शास्त्रीय परिभाषेत शैवाक म्हणतात. महाराष्ट्रातील गृहिणींना त्याचा एक प्रकार चांगला परिचित आहे. गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे शैवाकच होय. शैवाक ही एकच एक वनस्पती नव्हे. कवक आणि शैवल असे दोन भिन्न जीव त्यात एकत्र नांदतात, हे मत स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमोन श्वेंडेनर यांनी १८६० नंतरच्या दशकात मांडले, तेव्हा अनेक अभ्यासकांनी ते हास्यास्पद ठरवले होते. पुढे ते सर्वमान्य झाले. कवक घर बांधते आणि ओलावा धरून ठेवते, तर शैवल सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करते. काही शैवाकांत शैवलाची जागा नील-हरित शैवल घेते. या भागीदारीच्या बळावर शैवाक उघड्या खडकावर, जेथे मातीचा कणही नाही, अशा ठिकाणी जगू शकते.

अंगणातील काळे ठिपके बहुधा कवचरूप शैवाकांचे असतात. ‘व्हेरुकेरिया निग्रेसेन्स’ ही त्यांतील एक जाती चुनखडकावर, गिलाव्यावर व काँक्रीटवर सर्रास आढळते. कवचरूप शैवाके वर्षाकाठी एखाद-दोन मिलिमीटर, कित्येकदा त्याहूनही कमी वाढतात. त्यांचा गडद रंग प्रखर उन्हापासून त्यांचे रक्षण करतो.

डाग निघत का नाही?

दगडफुलाची पाने हाताने सोलता येतात, परंतु कवचरूप शैवाकाचे तसे नसते. त्यातील कवकाचे सूक्ष्म तंतू दगडाच्या कणांमधील फटींतून आत उतरतात. त्याबरोबर ऑक्झॅलिक व इतर आम्ले स्रवतात आणि ती दगडातील खनिजांना हळूहळू विरघळवतात. डोळ्यांना दिसणारा ठिपका हा त्या सजीवाचा केवळ वरचा भाग असतो. ब्रशाने घासल्यास तो खरवडला जातो, पण खाली राहिलेले तंतू पुन्हा वाढू लागतात. यावरून निर्मूलनाचा मुख्य नियम निघतो: शैवाक आधी मारावे, नंतर काढावे आणि या दोहोंच्या मध्ये त्याला वेळ द्यावा.

निर्मूलनाची रीत

प्रथम माती, पालापाचोळा व शेवाळे झाडून काढावे. पाऊस नसलेला दिवस निवडावा. फरशी कोरडी असल्यास औषध आत मुरते. त्यानंतर सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमधील द्रव्याचे, द्रावण उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणातच घेऊन ठिपक्यांवर पसरावे. आधी एखाद्या कोपऱ्यातील फरशीवर त्याची परीक्षा घेणे इष्ट. द्रावण लगेच वाळू न देता काही तास ओले ठेवावे लागते. ठिपका काळ्याचा पिवळट वा पांढुरका झाला म्हणजे नायलॉनच्या ताठ ब्रशाने घासून भरपूर पाण्याने धुवावे. जुन्या डागांना हीच क्रिया दोन-तीन वेळा करावी लागते. दगडात उरलेले मृत अवशेष पुढील काही आठवड्यांत ऊन-पावसाने आपोआप सुटतात.

हायपोक्लोराइट आम्लात मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो आणि अमोनियात मिसळल्यासही घातक वायू निघतात. म्हणून ही द्रव्ये कधीही एकत्र आणू नयेत. हातमोजे व चष्मा वापरावा, कडेची झाडे आधी व नंतर पाण्याने भिजवावीत आणि वाहून जाणारे पाणी माशांच्या तळ्यात उतरू देऊ नये. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी द्रव्ये तुलनेने सौम्य असतात, मात्र त्यांचा परिणाम दिसण्यास आठवडे लागतात आणि जलचरांना तीही बाधक ठरतात.

उतावळेपणाची किंमत

शैवाकाने शंभर वर्षांत होणार नाही एवढी हानी माणूस एका दुपारी करू शकतो. दाबाच्या पाण्याचा झोत जवळून मारल्यास पदर असलेल्या वालुकाश्माचा पृष्ठभाग उडतो आणि सांध्यांतील भरण निघून जाते. खरबरीत झालेल्या दगडात पाणी अधिक मुरते व नव्या शैवाकाला अधिक सोयीचे घर मिळते. हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडकाला खाऊन टाकते आणि वालुकाश्मातील लोहाशी संयोग पावून तांबूस डाग पाडते. तारेच्या ब्रशाचे तुटलेले कण गंजतात. दगड घासून तासल्यास सिलिकाची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते. याच धुळीमुळे दगडाच्या खाणींतील मजुरांना सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो.

अंगणाची फरशी बिघडली तर बदलता येते. शिल्पाच्या बाबतीत ती सोय नसते. कंबोडियातील अंगकोर वाट या मंदिरावर १९८६ ते १९९३ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने काम केले. यादवी पुरती शमलेली नव्हती आणि तेथे जाण्यास फारसे कोणी तयार नव्हते. वालुकाश्मावरील दाट शैवाक-शेवाळे अमोनियाच्या सौम्य द्रावणाने व ब्रशाने काढून त्यावर कवकनाशक लावण्यात आले. मंदिर उजळले, परंतु घासण्याने कोरीव कामाचा पृष्ठभाग झिजला अशी टीकाही झाली. पुढे साफ केलेल्या भागांवर काळ्या नील-हरित शैवलांचा थर पसरल्याचे अभ्यासकांना आढळले. काळा दगड उन्हात अधिक तापतो आणि अशा तापण्या-निवण्याने त्यावर ताण पडतो. एक वस्ती हटवली की रिकाम्या जागेवर दुसरी येते आणि ती पहिलीपेक्षा निरुपद्रवी असेलच असे नाही. म्हणूनच आता संवर्धक आधी विचारतात: या दगडाचे शैवाकामुळे खरोखर नुकसान होत आहे काय?

प्रतिबंध

शैवाकाला ओलावा, प्रकाश आणि वेळ हवा असतो. फरशीला पुरेसा उतार देणे, वर झुकलेल्या फांद्या छाटणे, पाचोळा व पक्ष्यांची विष्ठा साचू न देणे आणि वर्षातून एकदा कोवळे ठिपके दिसताच उपचार करणे, एवढ्याने बराच कार्यभाग होतो. दगडाला रोगण फासण्याचा मोह मात्र आवरावा. अयोग्य लेपाखाली ओल कोंडून पदर सुटण्याचा धोका असतो.

एक गोष्ट अखेरीस ध्यानात ठेवावी. कोळशाच्या धुरातील गंधक डायॉक्साइड बहुतेक शैवाकांना मारक असतो. पॅरिसमधील उद्यानातील शैवाकांवरून हवेची शुद्धता जोखता येते, हे विल्यम न्यूलँडर यांनी १८६६ मध्येच सांगितले होते. ब्रिटनमध्ये १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला, पुढे कोळसा जाळणे कमी होत गेले आणि धुराने नाहीशी झालेली अनेक शैवाके शहरांत परतली. अंगणातील काळा ठिपका नकोसा असेल तर तो धीराने काढावा. पण तो येथे उगवू शकतो, यात हवा निवळल्याची खूणही आहे.