ऑनलाइन गुन्ह्यांचा तपास आणि गुन्हेगार-चित्रणाचे तंत्र : कॉसमॉस बँक प्रकरणाच्या संदर्भात

प्रास्ताविक

जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरी येथे, चैत्र यात्रेस लाखो भाविक जमतात. गुलालाची उधळण आणि सासनकाठ्यांची मिरवणूक चालू असताना एखाद्याचा खिसा कापला गेला, तर तपास करणाऱ्या पोलिसाजवळ निदान एक गोष्ट निश्चित असते : चोर त्या घटकेला डोंगरावर हजर होता. ऑनलाइन गुन्ह्यात नेमकी हीच गोष्ट नाहीशी होते. गुन्हेगार एका देशात, संगणक दुसऱ्या देशात आणि फसवला गेलेला खातेदार तिसऱ्याच ठिकाणी असू शकतो. अशा वेळी तपासासाठी उरते ते गुन्हेगाराचे वर्तन. या वर्तनावरून गुन्हेगाराविषयी अनुमान बांधण्याच्या तंत्रास क्रिमिनल प्रोफायलिंग किंवा गुन्हेगार-चित्रण असे म्हणतात. ते ऑनलाइन गुन्ह्यांस कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तंत्राचे स्वरूप

1956 साली न्यूयॉर्कमधील बॉम्बस्फोटांच्या तपासात मनोविकारतज्ज्ञ जेम्स ब्रसेल यांनी अज्ञात गुन्हेगाराचे वर्णन पोलिसांना दिले. पुढे जॉर्ज मेटेस्की यास अटक झाली, आणि ब्रसेल यांच्या वर्णनाचे गोडवे आजही गायले जातात. मात्र मेटेस्कीचे नाव हाती लागले ते वीज कंपनीच्या जुन्या कर्मचारी-नोंदी चाळणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्यामुळे, ही बाब सहसा सांगितली जात नाही. चित्रणामुळे शोधाचे क्षेत्र आकुंचित होते. माणूस सापडतो तो नोंदींतून. अमेरिकेच्या एफबीआयने 1972 मध्ये वर्तनविज्ञान शाखा स्थापन केल्यावर या तंत्रास संस्थात्मक रूप आले.

या तंत्रात दोन गोष्टींतील भेद महत्त्वाचा मानला जातो. गुन्हा तडीस नेण्यासाठी जे करावे लागते ती कार्यपद्धती. अनुभवाने ती बदलते. गरज नसताना जे पुनःपुन्हा केले जाते ती गुन्हेगाराची खूण. ती सहसा बदलत नाही. अनुमानाच्या वाटाही दोन आहेत. पूर्वीच्या गुन्हेगारांच्या माहितीवरून नव्याचे सर्वसाधारण वर्णन करणे ही विगामी वाट होय, तर समोरच्या गुन्ह्यातील पुराव्यावरूनच निष्कर्ष काढणे ही निगामी वाट होय. प्रस्तुत लेखकाच्या मते ऑनलाइन गुन्ह्यांत दुसरीच वाट अधिक विश्वसनीय आहे.

कॉसमॉस बँक प्रकरण

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेला हल्ला या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. शनिवार, 11 ऑगस्ट रोजी अवघ्या काही तासांत 28 देशांतील एटीएम यंत्रांतून सुमारे 12 हजार व्यवहारांद्वारे 78 कोटी रुपये काढले गेले. भारतात रूपे कार्डांच्या सुमारे 2,800 व्यवहारांद्वारे अडीच कोटी गेले. सोमवार, 13 ऑगस्ट रोजी स्विफ्ट प्रणालीमार्फत हाँगकाँगमधील एका खात्यात 13.92 कोटी वळवण्यात आले. एकूण हानी 94 कोटींहून अधिक होती. एटीएमकडून येणारी विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचूच नये आणि तिला परस्पर खोटी संमती मिळावी, अशी व्यवस्था हल्लेखोरांनी करून ठेवली होती.

या कृतीवरून काय वाचता येते? 11 ऑगस्ट हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस होता. फेब्रुवारी 2016 मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून 8 कोटी 10 लाख डॉलर चोरले गेले, तेव्हाही ढाक्याची शुक्रवारची सुट्टी, न्यूयॉर्कची शनिवार-रविवारची सुट्टी आणि चिनी नववर्षानिमित्त फिलिपाइन्समध्ये असलेली सोमवारची सुट्टी यांचा मेळ साधलेला होता. सुट्टीची निवड ही कार्यपद्धतीच होय. परंतु स्विफ्टचा वापर, यंत्रणेचा आधी केलेला सविस्तर अभ्यास आणि परदेशी खात्यांची तयारी यांच्या जोडीने ती आली की दोन घटनांमधील धागा दिसू लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने 2019 च्या अहवालात कॉसमॉसवरील हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला.

तथापि या प्रकरणाचा खरा धडा वेगळाच आहे. येथे एका गुन्हेगाराचे एक चित्र काढताच येत नाही. प्रणालीत शिरणारा तंत्रज्ञ, बनावट कार्डे पोहोचवणारा मध्यस्थ आणि रांगेत उभे राहून रोकड काढणारा हस्तक यांचे वय, शिक्षण, हेतू, धोका पत्करण्याची वृत्ती यांत काहीच समान नसते. कोल्हापुरातील एटीएम केंद्रांतूनही अशा कार्डांनी पैसे काढले गेले. आकाशातला म्हणून भासणारा गुन्हा येथे जमिनीवर उतरला, सीसीटीव्हीच्या चित्रणात आला. एप्रिल 2023 मध्ये पुणे न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले; ते साखळीच्या या खालच्या टोकाचे होते. म्हणून चित्रण व्यक्तीचे न करता भूमिकांचे करावे, आणि प्रत्येक भूमिकेसाठी तपासाची वेगळी दिशा आखावी.

भाषेची खूण

धमकीच्या वा फसवणुकीच्या संदेशांत भाषा हीच खूण ठरते. अमेरिकेतील ‘युनाबॉम्बर’ टेड काझिन्स्की याचा प्रदीर्घ मजकूर 1995 मध्ये वृत्तपत्रात छापला गेला, तेव्हा त्यातील शब्दयोजना त्याच्या सख्ख्या भावाने ओळखली. मराठीत हे काम अधिक फलदायी होऊ शकेल. रोमन लिपीत मराठी लिहिताना ‘आहे’ या शब्दात एक ‘ए’ घालायचा की दोन, हे प्रत्येकाचे ठरलेले असते. ‘काय करालास’ असे लिहिणारा कोल्हापूरच्या परिसरातील असण्याचा संभव मोठा. अर्थात बोलीचे सोंगही आणता येते, हे तपासनीसाने विसरू नये.

मर्यादा आणि धोका

वर्तनाऐवजी जन्मावरून चित्र काढले की काय होते, याचा अनुभव आपल्या समाजाने घेतला आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि तो कायदा देशभरातून जाण्यास 31 ऑगस्ट 1952 हा दिवस उजाडावा लागला. करवीर संस्थानात मात्र राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्येच हजेरीची पद्धत बंद केली होती. आज एखाद्या जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या तरुणांवर ‘सायबर चोर’ असा सरसकट शिक्का बसतो, तेव्हा त्याच हजेरीचा नवा अवतार दिसू लागतो. ज्या भागात अधिक पकडले जातात तेथेच अधिक शोध घेतला जातो, आणि अधिक शोध घेतल्याने तेथे अधिक पकडले जातात.

न्यायालयातही गुन्हेगार-चित्रणास पुराव्याचे स्थान नाही. 1872 च्या पुरावा कायद्यातील कलम 54 नुसार आरोपीचे वाईट चारित्र्य सामान्यतः अप्रस्तुत मानले जाई. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते तत्त्व कायम आहे. दोषसिद्धीसाठी लागतात त्या संगणकीय नोंदी, आणि त्यांच्यासोबत प्रमाणपत्र. जालना मतदारसंघाच्या निवडणूक-वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये कलम 65-ब खालील प्रमाणपत्र आवश्यक ठरवले. मूळ उपकरणच न्यायालयापुढे सादर झाले तर गोष्ट वेगळी. नव्या अधिनियमात ही तरतूद कलम 63 मध्ये आली आहे. त्यामुळे चित्रण कितीही अचूक असले, तरी बँकेकडून नोंदींची प्रमाणित प्रत वेळेत मागवणारा पोलीस निरीक्षकच खटला उभा करू शकतो.